डुलता काटा

बाईंनी गुडघ्यांवर बसून दगडी ओट्याच्या कडेने बोट फिरवलं. बोट कुठेच आत गेलं नाही.

"इथे फट होती. ओट्याचा पाया वेगळा, जमिनीचा वेगळा. पोरं जिना दणाणत उतरायची, अख्खी विज्ञान इमारत थरथरायची, पण हा ढिम्म! तराजू ठेवायचा ना याच्यावर. कुणा शहाण्याने सिमेंट भरलं?"

"फरशी बसवताना भरलं असेल," आर्किटेक्ट ओशाळून म्हणाला, जणू त्यानेच भरलं होतं. इमारतीची दुरुस्ती त्याच्याकडे होती. हा ओटा कशासाठी, हे कोडं सुटेना, म्हणून त्याने निवृत्त बाईंना बोलावून घेतलं होतं.

काचेच्या पेटीतला जुना तराजू जागेवरच होता. बाईंनी पर्समधून दोन सारख्या चिठ्ठ्या काढल्या. घरूनच कापून आणल्या होत्या.

बाई इथे शिकवायला नव्याने लागल्या, तेव्हा सोबतचे एक सर मुलांना या तराजूवर एक खेळ दाखवत. दोन्ही पारड्यांत कोऱ्या चिठ्ठ्या, मग एकीवर पेन्सिलीने नाव लिहायचं. तेवढ्यानेही काटा सरके. एका संध्याकाळी सरांनी स्वतःच एक नाव लिहिलं, चिठ्ठी घडी करून पारड्यात टाकली आणि म्हणाले, "वाचा."

काटा अडीच घरं सरकला होता. बाईंनी आकडा सांगितला. घुम्या सरांनी चिठ्ठी खिशात घातली. नाव कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. लवकरच सर दुसऱ्या कॉलेजात गेले. बाईंचं लग्न झालं, संसार चांगला झाला. तरी ते नाव आपलंच असावं, असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं.

आता बाईंनी एका चिठ्ठीवर लिहिलं. स्वतःचं तेव्हाचं नाव, माहेरच्या आडनावासकट. दोन्ही चिठ्ठ्या पारड्यांत टाकल्या.

बाहेर हातोडे चालू होते. काटा अडीचच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे.

डुलता काटा थांबायची वाट बघू नका, दोन्हीकडची टोकं मोजा, मधला आकडा काढा, असं बाई मुलांना कानीकपाळी ओरडून सांगत आल्या होत्या. आत्ताही त्यांचे ओठ हलत होते. आकडा जुळला तर गेलेल्या वर्षांची हळहळ, नाही जुळला तर होतं तेही गेलं.

"काय आलं, बाई?"

त्यांनी कळ फिरवून काटा अडकवला.

"छे हो. असा डुलत असला की काही वाचता येत नाही."

"फट मोकळी करून देतो. मग परत या."

"फट करा मोकळी," बाई चिठ्ठीची घडी घालत म्हणाल्या. "मला मात्र बोलावू नका."