आधी थांबायचं, मग शिटी

महिपतीने रुळांच्या सांध्याचा दांडा धोतराच्या सोग्याने तिसऱ्यांदा पुसला आणि खंडाळ्याच्या बाजूला मान उंचावून पाहिलं. गाडीचा पत्ता नव्हता. दाढी सकाळीच उरकली होती, पागोटंही धुतलेलं होतं. आता दांडा तरी किती पुसायचा?

दुपारच्या पाशिंजरने त्याची लेक मुक्ता तळेगावहून कर्जतला नवऱ्याकडे निघाली होती, दोन महिन्यांची पोर घेऊन. मुक्ताला आई नाही, म्हणून बाळंतपण तळेगावजवळ इंदुरीला मावशीकडे झालं. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने घाटातल्या माणसाला रजा कसली मिळते! महिपतीने नातीचं तोंड अजून पाहिलंच नव्हतं. मुक्ताने गार्डाबरोबर निरोप धाडला होता: तिसरा डबा, डोंगराकडची खिडकी. गाडी तुमच्यापाशी थांबेल तेवढ्यात पोर दाखवते.

गाडी थांबायचीच, तसा नियमच होता. इथे रुळांना दोन फाटे फुटत. एक खाली कर्जतकडे उतरायचा, दुसरा डोंगरावर चढून मातीच्या ढिगात संपायचा. सांधा कायम डोंगराकडे लावलेला. उतरत्या गाडीने आधी पुरतं उभं राहायचं, मग शिटी द्यायची, आणि मगच महिपतीने दांडा ओढून तिला खालची वाट करून द्यायची. जी थांबत नाही ती हाताबाहेर गेलेली. तिने मुकाट डोंगर चढावा. अठरा वर्षं महिपती हा नियम पाळत आला होता. ड्रायव्हर मंडळी त्याला मागून अडेलतट्टू म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

वळणावरून इंजिन आलं. ड्रायव्हर दत्तोबा मुलखाचा घाईचा माणूस. चाकं फिरत असतानाच त्याने शिटी फुंकली.

महिपतीचा हात दांड्यावर होता. माणूस झपझप चालतो तेवढीच गाडीची गती, पण चाकं थांबली नव्हती. आता दांडा ओढला, की तिसरा डबा समोरूनच जाणार, पोर डोळे भरून दिसणार. जीव नुसता तुटत होता त्याचा. शिटी पुन्हा झाली, लांबलचक. महिपतीने हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

गाडी डोंगराच्या फाट्याला लागली. इंजिन आणि पुढचा डबा चढावर गेला, हिसका बसला आणि सगळी गाडी उभी राहिली. डब्यांतून एकच गलका उठला.

तेव्हा कुठे महिपतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता लोक म्हणणार, नात बघायला म्हाताऱ्याने गाडी अडवली. गार्डाला तर निरोपही ठाऊक. नोकरी जाईल ती जाईल, अठरा वर्षांची अब्रूही जाईल.

तिसरा डबा वीस पावलांवर होता. मुक्ता खिडकीतून हाका मारत होती, “आबा! ओ आबा!”

महिपतीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दत्तोबा खडी तुडवत खाली आला.

“म्हाताऱ्या, थांबतच व्हतो की मी! लेक गाडीत हाय म्हनून अडवलीस व्हय?”

“चाकं फिरत व्हती. आदी थांबायचं, मग शिटी.”

“मग आता हितं खांबावानी का हुबा? जा, बघ तुजी नात!”

“न्हाई बघत.”

दत्तोबा माघारी वळला आणि चाकं बघायला इंजिनाखाली वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. उठला तेव्हा चेहरा उतरलेला होता. तो इंजिनावर चढला नाही. तिसऱ्या डब्यापाशी गेला. मुक्ताला उंच पायरीवरून उतरता यावं म्हणून त्याने पोर हातात घेतली आणि तशीच, खडीत पाय जपून टाकत, सांध्यापाशी आणली.

“भाऊ,” तो खाली मान घालून म्हणाला, “ब्रेक पुरा लावला व्हता मी. त्यो धरतच नव्हता. म्या आपला तोऱ्यात शिटी देत बसलो. खालच्या उतारावर गेलो असतो तर…” त्याने पोर छातीशी धरली. “साहेबाला मीच सांगतो, चूक माजी.”

त्याने पोर महिपतीच्या हातांत ठेवली. पोर टक्क जागी होती, आणि गालावर दत्तोबाचा कोळशाचा अंगठा स्वच्छ उमटला होता.

“अगं बाई, गाल काळा केला की हिचा!” म्हणत मुक्ता पदर ओला करून पुढे आली.

महिपतीने तिचा हात धरला. त्याचे डोळे वाहत होते.

“ऱ्हाऊ दे. तीट हाय ती. कर्जतपातुर पुसू नगंस.”