माझ्या पोटातली पोकळी

दगडाच्या पोटात किती रिकामी जागा असते, ठाऊक आहे तुम्हाला? मी दिघोरीच्या जमिनीखालून काढलेला काळा दगड बोलतोय. वीतभर लांब, लाटण्यासारखा गोल, पण जाड. कधीकाळी चिखलात गाडली गेलेली झाडेझुडपे माझ्यात मुरली; म्हणून मी काळा आणि इतर दगडांहून हलका.

तीन वर्षांपूर्वी जमिनीत खोल भोक पाडणाऱ्या यंत्रावरच्या तुलारामने नळीतून मला बाहेर काढले, फडक्याने पुसले आणि पांढऱ्या रंगाने मी किती खोलवरून आलो तो आकडा माझ्यावर लिहिला. ते त्याचे शेवटचे काम. त्याच आठवड्यात तो तापाने गेला. साकोलीच्या शेडमध्ये तपासणीसाठी ठेवलेल्या आम्हा नमुन्यांच्या पेट्या राखायचे काम मग त्याच्या बायकोला, रुखमाला मिळाले.

इतर दगडांची ती नुसती धूळ झटकायची. मला मात्र रोज बोटभर जवसाचे तेल लावायची. नवऱ्याचे अक्षर पुसू नये म्हणून तेवढी जागा सोडायची.

परवा दगड तपासणारा अश्वजित शेडमध्ये आला. दगड वाळवून तोलायचा, पाण्यात भिजवून पुन्हा तोलायचा. जितके पाणी मुरले तितकी आत पोकळी. माझ्या शेजाऱ्यांनी पाणी प्यायले. मी थेंबही घेतला नाही. अश्वजितने मला नाकाशी धरले.

"मावशी, याले तेल लावलं काय?"

"लावतो ना जी. रोजच."

"काहून? देव करून ठेवला का याले?" तो हसला.

"देव कायचा, भाऊ! आमच्या मोनूच्या बाबाचा हात लागला आहे याले."

त्याचे हसू विरले. माझ्या बारीक छिद्रांत तेल बसले होते. पोकळी आता मोजता येणार नव्हती.

"तुम्ही नमुना खराब केला असं लिहिलं, तं तुमचं काम जाईल, मावशी. कुटून, तेल धुऊन काढलं तं याची घनता तरी निघते. तुमचं नाव कागदावर येणार नाही. पण दगड राहत नाही मंग."

रुखमाने मला पदरात घेतले. पदराच्या टोकाने डोळे पुसले.

"मोनूची शाळा सुरू आहे जी," ती म्हणाली. "कुटा."

मला तिच्याशी बोलता आले असते तर म्हणालो असतो, बाई, रडू नकोस. माझ्यात जेवढी जागा होती, तेवढी तूच भरलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वजितने मला लोखंडी खलबत्त्यात कुटले, आणि भुकटी चाळायला रुखमाने त्याच्यापुढे चाळणी धरली.