हात मिळवायची रांग

"कोन पाहिजे तुम्हाला?" दौलतकाकांनी दार अर्धवट उघडून विचारलं.

पहाटेचे पावणेपाच वाजले होते. लालबागहून माझगावपर्यंत सायकल हाणून मी घामाने निथळत होतो. आठ वर्षांत ज्या माणसाने मला 'गुण्या' आणि 'गाढवा' याखेरीज कधी हाक मारली नव्हती, तो आज मला अहो-जाहो करत होता.

"काका, मी गुणाजी. चष्मेवाला. आज सातवी मॅच ना!"

"चष्मा आहे माझ्याकडे," ते म्हणाले आणि नाकावरच्या चष्म्याला बोट लावून दाखवलं. तो मीच बनवलेला होता.

आतून त्यांची सून दिशा आली. "या ना गुणाजीभाऊ. रात्रभर जागेच आहेत ते." तिचे डोळे सुजलेले दिसत होते. कपाटाशी काकांची बॅग भरून ठेवलेली होती. नऊ वाजता बदलापूरच्या वृद्धाश्रमाची गाडी येणार होती.

म्हणजे माझ्या हातात चार तास होते. या चार तासांत त्यांनी एकदा, फक्त एकदा मला ओळखावं, एवढंच मागणं घेऊन मी आलो होतो. पुढे बदलापूरला भेटायला गेलो तर तिथे मी कोण असणार, हे मला कळून चुकलं होतं.

मी गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. तीस वर्षं घासतोय. आठ वर्षांपूर्वी काका नवा चष्मा परत करायला चौथ्यांदा आले, तेव्हा मालकांनी त्यांना माझ्या गळ्यात मारलं. मी विचारलं, "वाचता येतंय ना काका?" तर ते भडकले. "वाचायचंय कोनाला? पक दिसत नाय मला, पक!" पक म्हणजे बर्फावरच्या हॉकीत चेंडूच्या जागी असते ती काळी रबराची चकती, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? टीव्ही आणि खुर्ची यांच्यातलं अंतर मोजायला म्हणून मी टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो. टीव्हीवर नेटवरून मॅच चालू होती. पांढऱ्याशुभ्र बर्फावर धिप्पाड माणसं वाऱ्यासारखी सुटली होती आणि एकमेकांना धरून भिंतीवर आपटत होती. मी टेप हातात धरून मॅच संपेपर्यंत तिथेच बसलो. त्या दिवशी दुकानात बोलणी खाल्ली.

काका माझगावचे, आडनाव तांडेल. जहाजावर इंजिनखलाशी होते. तरुणपणी त्यांचं जहाज बिघडून ऐन थंडीत दोन महिने मॉन्ट्रियलला अडकलं. अंगात उसना कोट घालून ते तिथल्या खलाशांच्या क्लबात मॅच बघत बसले आणि मॉन्ट्रियलच्या टीमचे झाले ते कायमचे. मला म्हणाले, "तू मॉन्ट्रियल घ्यायचं नाय. दोघं एका टीमचे झालो तर हात कोनाशी मिळवायचा?" म्हणून मी टोरोंटो घेतलं. मॉन्ट्रियलने शेवटचा कप जिंकला त्र्याण्णव साली, टोरोंटोने सदुसष्ट साली, माझ्या जन्माच्याही आधी. हरण्यात मी त्यांना सीनियर होतो.

हात मिळवणं म्हणजे त्या खेळातली एक रीत. दोन टीम पंधरा दिवस एकमेकींचे दात पाडतात. मग एक बाद होते, आणि दोन्हीकडचे खेळाडू रांगेत उभे राहून समोरच्या एकूण एक माणसाशी हात मिळवतात. आमच्या दोघांपैकी कोणाचीही टीम बाद झाली की काका खुर्चीतून उठायचे, लुंगी नीट करायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी." मी हात मिळवून म्हणायचो, "पुढच्या वर्षी." वर्षभरात आम्ही हात मिळवायचो ते तेवढेच. मग ते मला चहा करायला लावायचे.

लालबागमध्ये हे कोणाला सांगणार? आमच्या चाळीत सगळे क्रिकेटचे. माझी बायको मालन तर तोंडावर म्हणते, "बर्फच बघूचो आसा तर फ्रीज उघडून बसा मा!" टोरोंटो हरलं की मी दिवसभर दुकानात खाली मान घालून भिंगं घासायचो आणि लोक विचारायचे, घरात काही झालं का. ज्याबद्दल बोलायला माणूस नाही असं प्रेम आतल्या आत कुजतं. काका होते म्हणून माझं कुजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ते नावं विसरू लागले. मग गॅस उघडा राहिला. या मार्चमध्ये तर भर दुपारी गोदीच्या गेटवर जाऊन ते आपल्या जहाजाची चौकशी करत उभे राहिले. मुलगा निमेश आणि दिशा, दोघंही नोकरीवर जाणारी. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. निमेशने मला स्वतःहून फोन केला, "सोमवारी सकाळी नेतोय. तुमची मॅच आहे ना त्या दिवशी? या तुम्ही."

मॅच होती टोरोंटो आणि फ्लोरिडा. सहा मॅचमध्ये तीन-तीन बरोबरी झालेली, आता सातवी जिंकेल तो पुढे जाणार. मागच्या वर्षी फ्लोरिडाने कप नेला तेव्हा काकांनी टीव्हीवर चप्पल उगारली होती. "नारळ पिकतात तिथे! आपल्यासारखं उकाड्याचं गाव, आनि बर्फावरचा कप त्यांना?" ते वाक्य मी जपून आणलं होतं. पहिल्या वीस मिनिटांत गोल झाला नाही. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "काका, फ्लोरिडा! नारळ पिकतात तिथे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता शिवी येणार.

"नारळ आनायचेत का?" त्यांनी दिशाला विचारलं.

नंतर फ्लोरिडाने तीन गोल घातले. मी बोलत राहिलो, मॉन्ट्रियलची थंडी, उसना कोट, उगारलेली चप्पल. ते टीव्हीकडे बघत होते, पण खिडकीबाहेर बघावं तसे. शेवटच्या भागात टोरोंटोने एक गोल केला आणि मी सवयीने ओरडत उठलो. काका दचकले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि घाबरून दिशाकडे पाहिलं. मला स्वतःची लाज वाटली. मिनिटाभरात फ्लोरिडाचा चौथा झाला, मग पाचवा, मग सहावा. सहा-एक. कोणीतरी टोरोंटोची जर्सी काढून बर्फावर फेकली.

खेळाडू रांगेला लागले. मी उठून काकांच्या समोर उभा राहिलो आणि हात पुढे केला. "पुढच्या वर्षी, काका."

ते माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी समोरच्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या, लाजू नका," ते म्हणाले.

मी ते खाल्लं. दुसरं काय करणार?

गाडी नवाच्या आधीच आली. निमेश बॅग घेऊन खाली गेला. दिशाने काकांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि हाताला धरून बाहेर आणलं. मजल्यावरची माणसं निरोपाला बाहेर आली होती. चाळीची गॅलरी ती केवढी! वाट सोडायची म्हणून सगळे भिंतीला पाठ लावून एकामागे एक उभे राहिले. शेजारच्या सुंदराबाई, निवृत्त मास्तर, त्यांची मुलगी नूपुर, आणखी चार-सहा जण. मी सगळ्यात शेवटी होतो, जिन्याजवळ, मीटरच्या पेट्यांशी.

काका उंबऱ्यात थांबले. त्यांनी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग दिशाचा हात सोडवला, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि सुंदराबाईंपुढे हात धरला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

सुंदराबाईंनी घाईघाईने पदराला हात पुसला. "व्हय, व्हय. गणपतीला आनतील हां तुम्हाला." असं म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरला नाही.

काका पुढे सरकले होते. मास्तर. "पुढच्या वर्षी." नूपुर. "पुढच्या वर्षी." एकालाही त्यांनी गाळलं नाही, कोणापाशी क्षणभर जास्त रेंगाळले नाहीत. ताठ चालत होते. काय चाललंय ते त्या गॅलरीत फक्त मला कळत होतं. मला वाटलं, माझ्यापाशी येतील तेव्हा थांबतील. आठ वर्षं आहेत आमची, थांबतीलच.

ते आले. तोच कोरडा, खरखरीत हात, तीच पकड.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"काका, मी गुण्या," मी म्हणालो.

पण त्यांची नजर पुढच्या माणसावर गेली होती. माझ्या पुढे कोणी नव्हतं. मीटरच्या पेट्या होत्या आणि त्यांच्यापलीकडे जिना. काका पेट्यांसमोर उभे राहिले, हात पुढे करून, शिस्तीत, आपली पाळी असल्यासारखे. मग दिशा पुढे आली, तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "चला बाबा, पायऱ्या आहेत."