बिनआकड्याचा रुपया

मित्रांनो, मी एक जुना रुपया आहे, पण माझ्या अंगावर तसं कुठंच लिहिलेलं नाही. एका बाजूला सिंह आहेत. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण ते आत खचलेले आणि 'भारत' आरशातल्यासारखं उलटं.

माझा जन्म टांकसाळीतला. माझ्या आधीचं नाणं यंत्राच्या ठशाला चिकटून बसलं आणि मी त्याच्याखाली सापडलो. त्याचंच तोंड माझ्या पाठीत रुतलं. त्या थोरल्या भावाचं पुढं काय झालं कोण जाणे. त्याचा चेहरा मात्र मी वागवतो, आणि खरं सांगायचं तर मलाच त्याची भीती वाटते. खोलगट चेहऱ्याची खोडच अशी, की तुम्ही सरकलात तर तोही तुमच्याकडे वळल्यासारखा दिसतो.

लोक घाईत असतात, त्यामुळे बरीच वर्षं माझं निभावलं. शेवटी अकलोलीच्या एका लग्नात मी नवरी निशाच्या ओटीत पडलो आणि तांदूळ-नारळाबरोबर भिवंडीला तिच्या सासरी आलो.

सासूनं, आक्कानं, ओटी सोडली तेव्हा नेमकी वीज गेली. भारनियमनात गल्लीतले सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, एकदम थांबतात. जन्मभर खटखटाटात राहिलेल्या माणसांना ती शांतता खायला उठते. आक्कानं चिमणी जवळ आणली आणि तिला माझा खचलेला चेहरा वळताना दिसला.

"ह्यो रुपया न्हाय," ती हळूच म्हणाली. "कोनीतरी ठोकून बनवलाय."

त्याच आठवड्यात तिच्या यजमानांना, दाजींना, ताप भरला. संध्याकाळ झाली की हुडहुडी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काय! पण आक्काचं ठरलं.

"तुझ्या ओटीतून आलंय ते," ती निशाला म्हणाली. "तू म्हायेरी जा. परत यायचं का न्हाय, ते मागून बघू."

निशानं नवऱ्याकडे पाहिलं. मितेशनं शिफ्टची वेळ झाली म्हणत चपला घातल्या. त्या पोरीचा तेव्हाचा चेहरा माझ्या पाठीवरच्या चेहऱ्यापेक्षा खोल गेला होता.

ती गेल्यावर, वाईट बांधून ठेवायची जुनी रीत म्हणून आक्कानं मला उंबऱ्यावर ठेवलं आणि सिंहांच्या मधोमध पोलादी खिळा ठोकला. फार दुखलं. तेव्हापासून माझा खचलेला चेहरा वर बघत राहिला. दिवेलागणीला दारातून कोणीही गेलं की तो त्याच्यामागं वळे. दाजी आत कुडकुडत असायचे. पुढं पुढं आक्का स्वतःच मागच्या दारानं ये-जा करू लागली.

एके दिवशी तिचा भाऊ केसरीनाथ दाजींना बघायला आला. त्याला जुनी नाणी जमवायचा नाद. उंबऱ्यापाशी तो थबकला, खाली बसला आणि खिशातलं भिंग काढून मला न्याहाळू लागला.

"आक्का, हातानं ठोकलं असतं तर कड चेपली असती. ही शाबूत हाय. खोलात बघ, मूळची चकाकी तशीच, अक्षरांवर ओरखडा न्हाय. ही टांकसालीची चूक. पोरीचा काय संबंध?"

"मंग हितं मधी खरवडलंय ते?"

"खिल्याभोवती पत्रा खचलाय, ओरखडे नवे हायत. तेवढं तुझं."

मग त्यानंच दाजींना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, गोळ्यांनी ताप उतरला.

आक्का स्वतः निशाला आणायला अकलोलीला गेली. निशा आली, पण दारातच उभी राहिली.

"आदी तो खिला काडा," ती म्हणाली.

आक्का पक्कड घेऊन खाली बसली. खिळा निघेना. निशा पाहत उभी राहिली, पण तिनं हात लावला नाही. मला तर दोघींचीही दया आली. शेवटी खिळा निघाला, उंबऱ्यात भोक राहिलं आणि निशा आत आली.

आता मी दारासमोरच्या कोनाड्यात असतो. मित्रांनो, वेगळं नाणं हाती आलं तर आधी उजेडात धरा, कड पाहा, खोलात पाहा. कोणी जन्मतःच तसं असतं, कोणाला कोणीतरी तसं केलेलं असतं. हे कळेपर्यंत हातोडी उचलू नका. माझा जन्मदोष कोणालाच बाधला नाही. पण निशा उंबऱ्याशी आली की अजूनही त्या भोकावरून पाऊल जरा उंच टाकते, आणि तेवढा वेळ आक्का मान खाली घालून बसते.