अर्धी गाडी, बाकी आरसा

आमच्या कंपनीत गाड्या बनतात, पण त्यांना पेट्रोल लागत नाही. खुर्चीत बसायचं, स्टिअरिंग धरायचं, समोरच्या पडद्यावर रस्ता धावू लागतो आणि घाम मात्र खरा येतो. याला सिम्युलेटर म्हणतात. त्यातल्या गाडीला वजन, पकड आणि स्वभाव देणं हे माझं काम. गाडी दिसते कशी, हे बघणाऱ्याला आम्ही चित्रकार म्हणतो. दिसण्याचं कौतुक सगळे करतात, स्वभावाची आठवण फक्त तक्रार करायची असली की होते. घरोघरच्या सुनांना हे मी वेगळं सांगायला नको.

या खेपेला साहेबांनी एक नमुना गाडी निवडली. एका कारखान्याने शर्यतीसाठी ती एकुलती एक बनवली, एकदाच पळवली, आणि त्या एकाच शर्यतीत लांबलचक डाव्या वळणावर गिरकी घेऊन ती भिंतीवर आदळली. चूक चालकाची, असं कारखान्याने लगेच जाहीर करून टाकलं. गाडीचं नाक दुरुस्त झालं आणि ती संग्रहालयात जाऊन बसली. चालकाची हाडंही जुळली, पण त्याला पुन्हा कुणी शर्यतीची गाडी दिली नाही. तो चालक म्हणजे माझा मामा.

मामाने पुढे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी धरली आणि जन्मभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसला. आमच्या घरी त्या वळणाचा विषय निघाला की आई, म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, ठरलेली म्हण काढायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." मामा खाली मान घालून जेवत राहायचा. कुठे गावाला जायचं तर गाडी बाबा चालवायचे. बाबांना गाडी मागे घेताना दोन माणसं खाली उतरवावी लागायची, पण त्यांनी कधी भिंतीला धडक दिलेली नव्हती ना!

तर अशी ही गाडी आमच्याकडे आली. आमचे चाहते भयंकर आहेत. मागच्या एका गाडीच्या डॅशबोर्डवर एका स्क्रूची खाच उभी होती, ती आम्ही आडवी दाखवली, तर लोकांनी आमचं जगणं मुश्कील केलं. तेव्हापासून साहेबांचं ब्रीदवाक्य ठरलं, "स्क्रूसुद्धा खरा." संग्रहालयात जाऊन आम्ही गाडी लेझरने मोजली. चित्रकाराने सीटच्या उसवलेल्या शिवणीचा टाका न् टाका काढला. आरशाखालचा एक डाग तेलाचा की चहाचा यावर बैठक झाली. चहाचा ठरला.

पण या धंद्याची एक सवय आहे. गाडी म्हणजे डावी-उजवी सारखीच, मग मेहनत दोनदा कशाला? अर्धीच बनवायची आणि आरसा लावायचा. एक बटण दाबलं की उरलेली अर्धी आपोआप उमटते. सगळे असंच करतात. शिवणी, डाग असलं कौतुक मग वरून हाताने चढवायचं. चाकं कुठे बसली आहेत, ते मीही चित्रकाराच्या गाडीवरूनच घेतलं.

गाडी तयार झाल्यावर साहेबांनी मामाला चाचणीला बोलावलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीत बसून त्याने स्टिअरिंग धरलं. उजवी वळणं त्याने सहज घेतली. ते डावं वळण आलं. मामाने ब्रेक लावला, वळला आणि लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला. दुसऱ्यांदाही तसाच. तिसऱ्यांदा तर त्याने मुद्दाम उशिरा ब्रेक लावला, तरी गाडी हूं की चूं करेना.

मामा खाली उतरला. "छान झालीय गं," म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "म्हणजे मीच चुकलो होतो."

साहेब टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना म्हणून मी कामावर काढला. लेझरचं मूळ मोजमाप उघडलं. तिथे गाडी नसते, नुसते ठिपके असतात, पण ठिपक्यांना खोटं बोलायची सवय नसते. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलं बोटभर पुढे होतं.

मी चित्रकाराला पकडलं. "हे काय आहे?"

"अगं, मोजमापात असा कचरा येतोच. मी नीट केला."

"नीट म्हणजे?"

"आरसा लावला की सगळं नीट होतं," तो प्रेमाने म्हणाला.

मी तडक संग्रहालयात गेले आणि पहारेकऱ्याच्या हातापाया पडून गाडीखाली शिरले. मागचा आस ज्या पट्टीवर बसतो, ती डावी पट्टीच पुढे सरकवून जोडलेली होती. धडकेत सरकली म्हणावं, तर धडक नाकावर बसली होती, आणि जोडाच्या वर कारखान्याचा जुना निळा रंग अखंड होता. म्हणजे ती जन्मतःच तशी. अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्यावर नाचायला माझ्या मामाला उभं केलं होतं.

मी आरसा काढून टाकला, चाक होतं तिथे बसवलं आणि मामाला पुन्हा बोलावलं. उजव्या वळणांवर गाडी गुणी बाळासारखी चालली. डाव्या वळणावर जोरात ब्रेक लागला मात्र, मागचा भाग गर्रकन पुढे आला आणि गाडी भिंतीवर. सरावात तिथे एवढ्या वेगाने कुणी गेलंच नव्हतं, म्हणून हे त्या शर्यतीपर्यंत कळलं नाही.

मामा म्हणाला, "परत लाव."

पुन्हा भिंत.

"परत!"

भिंतीवर आदळून इतका खूश झालेला माणूस मी तरी पाहिला नाही. "हीच गं ती! हीच ती सटवी!" तो स्टिअरिंगवर थापा मारत ओरडला. मग एकदम हळू आवाजात, "ताईला दाखवशील?"

"आईलाच काय, सगळ्या जगाला दाखवू." माझी जीभ नेहमीच माझ्या पगाराच्या पुढे धावते.

जगाला दाखवण्याआधी कारखान्याची परवानगी लागत होती. तिथे आता धाकटे मालक होते. त्यांचं उत्तर आलं: निळा रंग किंचित फिका करा, आणि मागचं चाक सरळ करा. आमच्या गाड्या वाकड्या नसतात.

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "साहेब, स्क्रूसुद्धा खरा म्हणालात ना?"

"स्क्रू खराच आहे," साहेब म्हणाले. "चाकाबद्दल मी कधी काही बोललो होतो का?"

"पण खरी गाडी अशी सरळ नव्हती!"

"आरसा लाव," साहेब म्हणाले. "लोक आपल्याकडे हौसेने येतात, भिंतीवर डोकं आपटायला येत नाहीत."

आरसा लागला. मी मामाला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि गाडीच्या अनावरणाच्या समारंभाला येऊ नकोस म्हणाले. तरी तो आला, आईला घेऊन. आई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. "कशाला आलास?" मी त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं. "अगं, ताईला हौस होती," तो म्हणाला.

समारंभात पहिला मान मामाचा. तो बसला आणि त्या डाव्या वळणावरून सुळकन निघून गेला. हॉलभर टाळ्या. धाकट्या मालकांनी माइक घेतला. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. "आज सिद्ध झालं," ते गहिवरून म्हणाले, "की दोष गाडीत नव्हता. पण झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही या चालकाला मनापासून माफ केलं आहे."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मामा मात्र हसून म्हणाला, "मालक, तुम्हीही बसा ना एकदा. तुमच्या घरचीच गाडी."

नाही कसं म्हणणार! मालक कोट काढून खुर्चीत शिरले. मशीनपाशी मी होते, आणि वाकड्या चाकाची खरी गाडी मी अजून पुसली नव्हती. मी ती लावली. मामाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली.

डावं वळण आलं, मालक भिंतीवर. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवून दिली. पुन्हा भिंत. कुणीतरी चष्मा काढायला सांगितलं. पुन्हा भिंत. साहेब माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते, पण बोलता येईना. बोलले असते तर आणखी एक गाडी आहे, हे कबूल करावं लागलं असतं. हॉलमध्ये खसखस पिकू लागली. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल की या गाडीत काहीतरी गडबड आहे.

मालकांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि बसल्या बसल्याच माइक तोंडाशी नेला. "गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "चूक माझी. मीच ब्रेक उशिरा लावला."

या मोठेपणावर हॉल फिदा झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खुर्ची खोल असते, एकट्याने उठवत नाही. मामा पुढे झाला, त्याने मालकांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद उभं केलं आणि त्यांच्या कानाशी बोलला. माइक चालू होता.

"मीही तेव्हा हेच म्हणालो होतो," मामा म्हणाला. "अगदी हेच."

पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे आईचे हात मध्येच थांबले.