मालनचं दळण

टाळेबंदी उठून आमची पिठाची गिरणी पुन्हा सुरू झाली, त्या दिवसापासून माणसं येत नाहीत, डबे येतात. सकाळी नवाच्या सुमाराला रस्त्याच्या कडेकडेने चालत येतात आणि ह्यांनी ओट्यापुढे चुन्याने काढलेल्या गोलांत एकेक करून उभे राहतात. झाकण काढलं की आधी घरच्या माणसाचा आवाज बाहेर येतो. भाकरीचं आहे, बारीक दळा. बाजरीवर टाकू नका. तेवढं ऐकायचं आणि मग धान्य ओतायचं.

सोय चांगली आहे. सासरे असते तर त्यांनाही पटली असती, गर्दीला ते फार वैतागायचे. मला मात्र करमत नाही. पूर्वी बायका पोत्यांवर बसून, भुवया पांढऱ्या होईपर्यंत सगळ्या पेठेची उणीदुणी काढायच्या. कोष्टी गल्लीतली मालन तर दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी ज्वारी घेऊन यायची आणि म्हणायची, "माझं शेवटी लाव, रत्ना. मला बसायचंय." वीस वर्षं तिचं दळण शेवटी लागलं.

आता तिचा डबा येतो. पीठ भरल्यावर मी त्यात तोंड घालून म्हणते, "एकदा तू ये गं." पुढच्या गुरुवारी उत्तर येतं, बघू. त्याच्या आधी खोकला असतो. गेले तीन गुरुवार खोकला वाढत गेला आणि बघू बारीक होत गेलं.

या गुरुवारी लाईट जायची वेळ झाली होती. मी घाईत, पट्टा चालू असतानाच तिच्या डब्याचं झाकण काढलं आणि ज्वारी ओतली. आवाज ज्वारीबरोबर खाली गेला.

ह्यांनी मोटार बंद केली.

"काय म्हणाली, ऐकलंस का?"

"नाही."

"मग दळलं गेलं ते."

मी पीठ चाळलं. कोंड्यात नुसता खोकला निघाला. शब्द पिठात गेले होते. मला रडूच आलं. मग तिच्या घरी जाऊन विचारावं म्हणून निघाले, पण ओट्यावरून उतरले तर पाय चुन्याच्या गोलात पडला. त्याच्यापुढे आणखी एक गोल होता. दुपारपर्यंत चालले, तरी आमच्या ओट्याच्या कडेलाच होते.

गिऱ्हाइकाच्या पिठाला आपण तोंड लावायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. तो मी मोडला. घरात जाऊन मालनचं ओंजळभर पीठ परातीत घेतलं, गरम पाण्यात मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकून पाणी फिरवलं.

"दुसऱ्याचं आहे ते," हे दारातून म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

उलटून आचेवर धरली तशी भाकरी टम्म फुगली. मी कान जवळ नेला. काठाशी बारीक भोक पडलं, आणि बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस घेतो, तसा एक श्वास भाकरीने आत ओढून घेतला.