चार झाडं, एक बुंधा

या, जरा जवळ सरका. आमच्या डोंगरातल्या चॅपेलचा बाक लांब आहे, जागा होईल. प्रवचन गाऊन सांगावं ते पास्टरांनी. मी आपला मागून 'आमेन' ओढणारा. पण ही गोष्ट मीच सांगणार, कारण मी तिथं होतो.

समुद्रापलीकडच्या ज्या राज्यानं आमच्या वाडवडिलांना गुलाम केलं, त्यानं अखेर भरपाई कबूल केली. आमच्या वाट्याला उसाच्या जुन्या मळ्याची जमीन येणार होती. अट एकच : आपली माणसं याच मळ्यावर राबली, याचा पुरावा हवा. पुरावा द्यायच्या शेवटच्या दिवशी मिस आयसी आल्या. वय त्र्याऐंशी, डोक्यावर रविवारची टोपी, हात रिकामे.

"कागद?" सरकारकडून आलेल्या मिस डेलरोझनी विचारलं.

"कागद मालकांकडे असायचे, बाळ. आमच्याकडे झाडं आहेत."

किंग्स्टन शहरात वाढून नुकताच परतलेला ऑर्विल मागून खिदळला. "आता नारळाची सही घेणार वाटतं!"

"तू गप रे," मिस आयसी म्हणाल्या. "कागद तुझ्याकडे तरी आहे का?"

त्यांनी सगळ्यांना आपल्या अंगणात नेलं. आमच्यात मूल जन्मलं की नाळ पुरून वर रोप लावतात. ते झाड त्या मुलाचं. मिस आयसींनी नीरफणसाला हात लावला आणि थेट पास्टरांसारखा सूर धरला.

"हा माझा!"

"आमेन!" आम्ही ओढलं.

"आंबा माझ्या आईचा, रोझेटाचा!"

"आमेन!"

"नारळ आजीचा, मेराबचा! चिंच तिच्या आईची, केझायाची!"

कुंपणापाशी नुसता बुंधा होता, वर कोंबडी बसलेली. "ही फिबा, केझायाची आई. तिची नाळ पुरली तिच्या आईनं, जुबानं."

"आणि जुबाचं झाड?" मिस डेलरोझनी विचारलं.

सूर तुटला. "तिचं इथं नाही. तिला जहाजातून आणली. तिची नाळ तिच्या मायदेशातच राहिली."

मिस डेलरोझनी मळ्याच्या जुन्या नोंदवहीची प्रत उघडली. बोट खाली खाली सरकत थांबलं. "जुबा, जन्म आफ्रिकेत. मुलगी फिबा, वय दोन, जन्म इथलाच."

एवढा मोठा आमेन मी आयुष्यात ओढला नव्हता. कोंबडी उडून कुंपणापलीकडे गेली. मिस डेलरोझनी 'पुरावा' या रकान्यात लिहिलं : चार झाडं, एक बुंधा.

ऑर्विल टोपी काढून पुढे आला. "मिस आयसी... माझं आहे का हो एखादं?"

"तो वाकडा पेरू. माझी बहीण म्हणजे तुझी आजी, तिनं लावला. सरळ वाढायचं नाव नाही, पण फळ गोड. लिहा हो, त्याचंही लिहा."

त्या जमिनीत आता आमची रताळी आहेत. रविवारी पास्टर ही सगळी नावं गातात. तुम्ही घरी जाल, आपली नाळ पुरलेल्या मातीला पाय लागतील, तेव्हा झाड नसलेल्या जुबाची तेवढी आठवण काढा.